दहावीच्या निरोप स्मरणिकेसाठी चित्रे आणि सजावट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यातील माध्यमिक शाळांत दहावीच्या निरोप समारंभानिमित्त स्मरणिका किंवा हस्तलिखित काढण्याची पद्धत आता चांगलीच रुजली आहे. लेख आणि कविता जमतात, छायाचित्रे मोबाइलमध्ये असतातच. काम अडते ते चित्रांपाशी. पुढील प्रश्न विद्यार्थ्यांकडून, कलाशिक्षकांकडून आणि ज्या शाळांत कलाशिक्षकाचे पद रिकामे आहे तेथील वर्गशिक्षकांकडून वरचेवर येतात. उत्तरे देताना एक आग्रह धरला आहे: चित्र पाहताक्षणी ही स्मरणिका कोणत्या शाळेची आहे, हे त्या शाळेत शिकलेल्या माणसाला ओळखू आले पाहिजे.

सजावटीला सुरुवात कोठून करावी?

पानांच्या आखणीपासून करावी. कोरे कागद घडी घालून हातात मावेल एवढी डमी तयार करावी आणि कोणत्या पानावर काय येणार, चित्राला किती जागा मिळणार, हे त्यावर पेन्सिलीने मांडावे. मधोमध पिना मारून बांधणी होणार असेल, तर पृष्ठसंख्या चारच्या पटीत असावी लागते. ही गोष्ट शेवटी लक्षात आली की दोन-तीन पाने भरण्यासाठी घाईघाईने काहीतरी काढले जाते आणि ते तसेच दिसते. बांधणीच्या बाजूला किमान दोन सेंटिमीटर जागा मोकळी सोडावी, अन्यथा वेलबुट्टीचा अर्धा भाग घडीत जातो.

आखणी झाल्यावर सगळ्या पानांना जोडणारे एखादे सूत्र निवडावे. सकाळच्या घंटेपासून शाळा सुटेपर्यंतचा एक दिवस, पाचवी ते दहावीचा प्रवास, किंवा शाळेच्या वर्षाचे ऋतू, यांपैकी कोणतेही सूत्र चालते. ऋतूंचे सूत्र आपल्या भागाला विशेष शोभते, कारण येथील मुलांचे शाळेचे वर्ष आणि शेतीचे वर्ष हातात हात घालून चालते. जूनमध्ये नवी पुस्तके येतात तेव्हा पेरणीची घाई असते; श्रावण अमावास्येला पोळा येतो; १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचे ध्वजारोहण होते; दसऱ्याला आपट्याची पाने वाटली जातात; थंडीत हुरडा आणि वेळा अमावास्या येते; सराव परीक्षा संपत आल्या की माळावर पळस पेटतो. प्रत्येक विभागाच्या पहिल्या पानावर त्या महिन्याचे एक चित्र काढले, तर सजावट आणि आठवण एकाच रेषेत येतात.

मुखपृष्ठावर काय काढावे?

एकच गोष्ट काढावी आणि ती मोठी काढावी. पदवीची काळी टोपी, गुंडाळलेले प्रमाणपत्र, आकाशात उडणारे फुगे आणि उघडे पुस्तक हे सर्व एकाच पृष्ठावर कोंबलेले पुष्कळदा दिसते. त्यांपैकी काळी टोपी तर आपल्या दहावीच्या मुलांनी कधी घातलेलीही नसते. त्याऐवजी शाळेचे फाटक, व्हरांड्याचे खांब, मैदानावरचे झाड किंवा घंटा घ्यावी. नाव आणि वर्ष लिहिण्यासाठी वरचा किंवा खालचा एक तृतीयांश भाग आधीच मोकळा ठेवावा. चित्र पूर्ण झाल्यावर अक्षरांना जागा शोधत बसू नये.

मलपृष्ठ आणि मुखपृष्ठ मिळून एकच आडवे चित्र केले, तर फार चांगला परिणाम साधतो. समोर फाटकातून आत येणारी पाचवीची मुले आणि मागच्या बाजूला त्याच फाटकातून बाहेर पडणारी दहावीची मुले, ही कल्पना साधी आहे. पण अंक उलगडून धरल्यावर शाळेची संपूर्ण भिंत आणि भिंतीवरचे सुविचार मधल्या भागात येतात, आणि तोच भाग मुलांना सर्वांत जास्त आवडतो.

आमची शाळा लहान आहे. पत्र्याच्या खोल्या, एक लिंबाचे झाड आणि हापसा, एवढेच आहे. त्यात काढण्यासारखे काय आहे?

एवढ्यावर आख्खा अंक सजू शकतो. गरज आहे ती जवळ जाऊन पाहण्याची.

लिंबाचेच, म्हणजे कडुलिंबाचेच घ्या. बहुतेक मुले स्मरणाने झाड काढतात तेव्हा तपकिरी खोड आणि वर हिरवा ढग काढतात. ते कोणतेही झाड असू शकते. एक डहाळी तोडून बाकावर ठेवावी आणि पाहावे. एका देठाच्या दोन्ही बाजूंना पर्णिका असतात, प्रत्येक पर्णिका विळ्यासारखी एका अंगाला वळलेली असते, तिची कड करवतीसारखी असते आणि मधली शीर पानाचे दोन असमान भाग करते. पर्णिकेचा हा तिरकेपणा कागदावर आला की पान लिंबाचे वाटू लागते. फेब्रुवारी-मार्चमध्ये लिंबाची पानगळ होते आणि मागोमाग तांबूस कोवळी पालवी फुटते. निरोप समारंभ साधारण याच दिवसांत असतो. त्यामुळे एकाच फांदीवर पिवळी पडलेली जुनी पाने आणि तांबूस नवी पाने दाखवणारे चित्र त्या दिवसांचे खरे चित्र ठरेल, आणि त्यासाठी कोणताही संदेश खाली लिहावा लागणार नाही.

घंटा अनेक शाळांत आजही रेल्वेच्या रुळाचा तुकडा असते. फांदीला जाड तारेने टांगलेला तो तुकडा, ज्या ठिकाणी रोज टोला पडतो तेथे घासून चकचकीत झालेला भाग आणि बाकीचा गंजलेला भाग, हा छटांच्या अभ्यासाचा उत्तम विषय आहे. चकचकीत भागासाठी कागद कोरा सोडावा आणि गंजासाठी आडव्या-उभ्या रेषांचे जाळे करावे. हापशाचा दांडा, त्याखाली कायम ओला राहणारा सिमेंटचा ओटा, खिचडीच्या सुटीत ओळीने मांडलेल्या ताटल्या, चपलांची रांग, सायकली, फळ्याच्या कोपऱ्यातली पटसंख्येची चौकट, खडूच्या भुकटीने पांढरे झालेले डस्टर: या वस्तू पानाच्या कोपऱ्यात लहान आकारात काढाव्यात. मजकूर संपल्यावर उरलेल्या जागेत अशी चित्रे फार शोभतात.

अजिंठा आणि वेरूळ येथील कलेचा सजावटीसाठी उपयोग कसा करावा?

ही दोन्ही ठिकाणे १९८३ पासून जागतिक वारसा यादीत आहेत आणि मराठवाड्यातील बहुतेक शाळांची एक तरी सहल तेथे गेलेली असते. तरीही स्मरणिकेत अजिंठ्यातील पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्राची नक्कल करण्याचा मोह टाळावा, असे मला वाटते. ते चित्र फार अवघड आहे आणि नक्कल फसली की मूळ चित्राचाही मान राहत नाही. लेण्यांतील छोट्या गोष्टी घ्याव्यात.

अजिंठ्याच्या लेणे क्रमांक १ मध्ये एका स्तंभावर चार हरणे अशी कोरली आहेत की चौघांना मिळून एकच डोके आहे. कोणत्याही हरणाकडे पाहिले तरी ते डोके त्याचेच वाटते. चार मित्रांच्या किंवा एका वर्गाच्या चार तुकड्यांच्या पानासाठी यापेक्षा समर्पक रचना सापडणे कठीण आहे. मुलांनी हरणांच्या जागी सायकली किंवा दप्तरे घेऊन हीच युक्ती स्वतःच्या विषयावर करून पाहावी. लेणे क्रमांक १ आणि २ यांच्या छतांवर चौकटी आखून त्यांत कमळे, हंस, हत्ती आणि फळे रंगवलेली आहेत. वर्गातील मुलांच्या नावांचे पान अशाच चौकटींत विभागता येते. एका चौकटीत एक नाव आणि त्या मुलाने निवडलेले एक फूल, फळ किंवा पक्षी.

रंगांच्या बाबतीतही अजिंठ्याकडून शिकण्यासारखे आहे. तेथील चित्रकारांनी मुख्यतः तांबडी आणि पिवळी काव, हिरवी माती, काजळीचा काळा आणि पांढरा असे मोजके रंग वापरले. निळा रंग मौल्यवान दगडापासून होत असल्याने तो निवडक ठिकाणीच दिसतो. पोस्टर कलरच्या डबीतील सगळे रंग एका पानावर वापरण्याऐवजी हेच पाच रंग आणि थोडासा निळा एवढ्यावर संपूर्ण अंक केला, तर वेगवेगळ्या हातांनी काढलेली चित्रेसुद्धा एका घरची वाटतात.

वेरूळच्या ३४ लेण्यांपैकी दोन लेणी विशेष उपयोगी पडतात. दहाव्या क्रमांकाच्या विश्वकर्मा लेण्याच्या दर्शनी भागातील गवाक्षाचा आकार छायाचित्राची चौकट म्हणून उत्कृष्ट दिसतो. सोळाव्या क्रमांकाचे कैलास लेणे एका अखंड खडकात वरून खाली कोरत आणले आहे. उभ्या पानावर पाचवीच्या आठवणी सर्वांत वर आणि दहावीच्या सर्वांत खाली ठेवून, प्रत्येक टप्प्यावर खडकातून थोडे अधिक शिल्प बाहेर येताना दाखवणारी मांडणी यावरून सुचते.

पैठणीच्या काठाची नक्षी पानाच्या कडेला काढायची आहे, पण मोर नीट जमत नाही. काय करावे?

चौकटीचा कागद घ्यावा. पैठणीची नक्षी हातमागावर रंगीत धागे एकमेकांत गुंतवून विणली जाते, त्यामुळे जवळून पाहिल्यास तिची वळणे लहान लहान पायऱ्यांची बनलेली दिसतात. गणिताच्या वहीतील चौकटी भरत गेल्यास मोराची मान, मुनिया पोपट किंवा कमळ आपोआप विणल्यासारखे दिसू लागते. गुळगुळीत वळण काढण्याचा आटापिटा केल्यामुळेच मोर बिघडतो.

घरात आईची किंवा आजीची पैठणी असेल, तर तिचा काठ समोर ठेवून चौकटी मोजाव्यात. नसेल तर कोणत्याही इरकल किंवा सुती लुगड्याचा काठही तितकाच चांगला नमुना देतो. सर्वांत सोपा नारळी काठ आहे, कारण त्यात एकच आकार ओळीने पुनःपुन्हा येतो. एक तुकडा नीट काढून त्याच्या झेरॉक्स प्रती जोडल्या, तर सगळ्या पानांचे काठ एका दुपारी तयार होतात. मात्र प्रत्येक पानाला चारही बाजूंनी काठ लावू नये. साडीलाही पदर एकाच टोकाला असतो. पानाला एका कडेचा काठ पुरतो आणि मजकुराला श्वास घेता येतो.

बीबी का मकबऱ्याच्या जाळीसारखी नक्षी कंपासपेटीने काढता येईल का?

येते, आणि चित्रकलेची भीती वाटणाऱ्या मुलांसाठी हे सर्वांत योग्य काम आहे. कंपासने एक वर्तुळ काढावे. त्रिज्या न बदलता वर्तुळाच्या कडेवर एका बिंदूपासून खुणा करत जावे. बरोबर सहा खुणा होतात. प्रत्येक खुणेवर टोक ठेवून त्याच त्रिज्येचा कंस काढला की आत सहा पाकळ्यांचे फूल तयार होते. खुणा एक सोडून एक जोडल्या की षट्कोनी तारा मिळतो. अशी वर्तुळे शेजारी शेजारी काढून जोडरेषा काळ्या पेनने पक्क्या कराव्यात आणि मूळ वर्तुळे खोडून टाकावीत. जी उरते ती जाळी. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या शासकीय परीक्षांना बसलेल्या मुलांना कर्तव्यभूमितीचा सराव असतो, त्यांच्याकडे हे पान निश्चिंतपणे सोपवावे.

आम्ही संभाजीनगरपासून दूर आहोत. आमच्या जिल्ह्यातून काय घेता येईल?

आठही जिल्ह्यांत विषयांची उणीव नाही. बीडचे कंकालेश्वर मंदिर पाण्याच्या कुंडात मधोमध उभे आहे, त्यामुळे मंदिर आणि त्याचे प्रतिबिंब अशी दुहेरी रचना मिळते. धाराशिव जिल्ह्यात नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवरचा बंधारा आणि त्यातला पाणी महाल आहे. हिंगोलीत औंढा नागनाथाच्या मंदिराच्या बाह्य भिंतींवरील शिल्पपट्ट आहेत, नांदेडला गोदावरीचे घाट, सचखंड गुरुद्वाराचे घुमट आणि देगलूर तालुक्यातील होट्टलची मंदिरे आहेत, लातूरला खरोशाची लेणी आणि उदगीरचा किल्ला आहे. जालन्याची मोसंबी आणि बीडचे सीताफळ यांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. सीताफळाच्या डोळ्यांची खवलेदार रचना पेनच्या ठिपक्यांनी फार सुंदर उतरते. परभणीकडच्या मुलांनी उमललेले कापसाचे बोंड काढून पाहावे: वाळलेल्या चार-पाच पाकळ्यांचे तपकिरी कवच आणि त्यातून सांडणारा पांढरा कापूस, हे काळ्या किंवा काव रंगाच्या कागदावर पांढऱ्या खडूने काढले तर विशेष खुलते.

लातूर आणि धाराशिवच्या शाळांनी येळवस, म्हणजेच वेळा अमावास्या, अवश्य काढावी. कडब्याची कोप, आत चुना आणि काव लावलेले पाच पांडव, भज्जी (मिश्र भाजी) आणि आंबिलाचा बिंदगा (मडके), शेतात गोल करून बसलेली माणसे: या चित्रात वर्गातल्या सर्वांना जागा करून देता येते, आणि हा सण इतर भागांतील वाचकांना फारसा परिचित नसल्याने पान आपोआप वेगळे ठरते.

देवगिरीच्या किल्ल्यातील अंधारी या काळोख्या, वळणावळणाच्या वाटेवरून शब्दकोड्यासारखे एक पान सुचते. दहावीच्या परीक्षेपर्यंत पोचण्याची भुलभुलैया काढावी. चुकीच्या वाटांवर गणिताचा तास, मधली सुट्टी, क्रिकेट, उशिरा येणे असे अडथळे ठेवावेत.

वारली चित्रे चालतील का?

चालतील, परंतु ती पालघर आणि परिसरातील वारली समाजाची कला आहे, याचा उल्लेख पानावर असावा आणि ती कशी काढली जाते हे आधी समजून घ्यावे. आमचे मत विचाराल तर प्रत्येक अंकात वारली नाचाचे वर्तुळ येऊ लागल्यापासून मुलांनी आपल्या गावची चित्रे पाहणे कमी केले आहे. दिवाळीत दारापुढची ठिपक्यांची रांगोळी, पोळ्याला बैलांच्या शिंगांवर आणि अंगावर उठवलेले रंगीत ठसे, नागपंचमीला भिंतीवर काढलेले नाग, ही आपल्या घरातली रेखाकला आहे आणि ती मुलांना कोणी शिकवावी लागत नाही. चित्रे दाखवत कथा सांगण्याच्या चित्रकथी परंपरेतील पैठण शैलीची चित्रेही पाहावीत. बाजूने दिसणारे चेहरे, मोठे डोळे आणि ठळक बाह्यरेषा या गुणांमुळे ती शाळकरी हाताला जमण्यासारखी आहेत.

ज्या मुलांना चित्र काढता येत नाही, त्यांचा सहभाग कसा घ्यावा?

त्यांचा सहभाग असलाच पाहिजे; चार चित्रकारांनी सजवलेला अंक वर्गाचा होत नाही. पानांचे ठसे हा सर्वांना जमणारा प्रकार आहे. शिरा वर येतील असे पान टेबलावर ठेवून त्यावर पातळ कागद धरावा आणि पेन्सिल आडवी करून हलक्या हाताने घासावे. शिरांसह संपूर्ण पान उमटते. आपटा, पिंपळ आणि पळस यांची पाने यासाठी उत्तम. अंगठ्यांच्या ठशांचे झाड अनेक ठिकाणी दिसते आणि ती कल्पना चांगलीच आहे, फक्त खोड आणि फांद्या शाळेतल्या खऱ्या झाडावरून काढाव्यात. फांदी कोठे वाकली आहे, कोठे तुटली आहे, हे मुलांना पाठ असते. भेंडी आडवी कापून उमटवलेल्या पाच कोनांच्या फुलांची किनारही झटपट होते. चौकटी आखणे, पेन्सिलीच्या रेषा खोडणे, सारख्या अंतरावर ठिपके देणे ही कामेसुद्धा सजावटीचीच आहेत आणि श्रेयनामावलीत त्यांची नोंद व्हावी.

वर्गमित्रांचे चेहरे किंवा व्यंगचित्रे काढावीत का?

वर्गात साठ मुले असतील, तर साठ चेहरे सारख्या दर्जाचे होत नाहीत आणि ज्याचा चेहरा बिघडला त्याच्या घरी तो अंक वर्षानुवर्षे राहतो. म्हणून चेहऱ्याऐवजी खूण काढावी: कोणाची वेणीला बांधलेली लाल रिबीन, कोणाची कबड्डीची बनियन, कोणाचा हार्मोनियम, कोणाची मागच्या चाकाला घुंगरू लावलेली सायकल. खाली नाव न लिहिताही वर्ग ओळखतो.

चेहरेच काढायचे असतील तर दोन मापे लक्षात ठेवावीत. डोळे डोक्याच्या उंचीच्या मध्यावर असतात, कपाळाजवळ नसतात. आणि कान साधारण भुवईपासून नाकाच्या टोकापर्यंतच्या पट्ट्यात येतात. एवढे सांभाळले तरी चेहरा माणसाचा दिसतो. व्यंगचित्रात रंग, जाडी, दात, चष्मा, अपंगत्व यांवर बोट ठेवू नये. टोपणनाव छापण्यापूर्वी त्या मुलाला किंवा मुलीला एकट्याने विचारावे, कारण चारचौघांत विचारल्यावर नकार देणे कठीण जाते. मोबाइल क्रमांक आणि घरचे पत्ते स्मरणिकेत छापूच नयेत.

शिक्षकांच्या पानासाठी काही वेगळे सुचवाल का?

शिक्षकांच्या हाती रोज दिसणारी वस्तू काढावी: भूगोलाच्या बाईंचा पृथ्वीगोल, विज्ञानाच्या सरांची परीक्षानळी, मुख्याध्यापकांची किल्ल्यांची जुडी. घंटा देणारे मामा आणि खिचडी शिजवणाऱ्या मावशी यांना याच पानावर, याच आकाराची जागा द्यावी.

शीर्षकांची अक्षरे सुंदर कशी काढावीत?

देवनागरीचे सौंदर्य जाड-बारीक रेषेत आहे आणि ती रेषा तिरक्या कापलेल्या टोकामुळे येते. कॅलिग्राफी पेन मिळाला तर उत्तम; न मिळाल्यास बोरूच्या काडीचे टोक तिरके छाटून शाईत बुडवावे, किंवा स्केच पेनचे टोक ब्लेडने तिरके कापावे. टोक पूर्ण अक्षरभर एकाच कोनात धरावे. सर्वांत आधी तीन समांतर रेषा आखाव्यात: शिरोरेषेची, अक्षराच्या तळाची आणि उकाराची. वेलांटी आणि मात्रेसाठी वर पुरेशी जागा सोडली नाही, तर ‘निरोप’ या शब्दातील वेलांटी आणि मात्रा वरच्या चित्रात घुसतात. शब्द काढून झाल्यावर शिरोरेषेवर शाळेतील वस्तू मांडता येतात. तिच्यावर चिमण्या बसवता येतात किंवा ती घंटेची दोरी म्हणून पुढे नेता येते. प्रत्येक शीर्षकावर असा प्रयोग करू नये, एका अंकात दोन ठिकाणी पुरे.

आमच्या शाळेत उर्दू माध्यमाचे वर्गही आहेत. एकत्र अंक कसा करावा?

उर्दू उजवीकडून डावीकडे लिहिली जाते आणि तिचे पुस्तकही उजव्या बाजूने उघडते, हा येथे मोठाच फायदा आहे. एका बाजूचे मुखपृष्ठ मराठी आणि दुसऱ्या बाजूचे उर्दू ठेवावे. दोन्ही विभाग मध्यभागी भेटतात. त्या मधल्या दोन पानांवर मैदानाचे एकच मोठे चित्र दोन्ही माध्यमांच्या मुलांनी मिळून काढावे. हिमरू शालीवरील फुले किंवा मकबऱ्याची जाळी दोन्ही विभागांना समान किनार म्हणून वापरता येते.

कोणते साहित्य घ्यावे? खर्च फार होतो.

खर्चाची गरज नाही. जाड ड्रॉइंग पेपर, एचबी आणि टू-बी पेन्सिल, खोडरबर, पाण्याने न पसरणारा काळा पेन आणि एक पोस्टर कलरचा संच एवढे वर्गाला मिळून पुरते. पातळ वहीच्या कागदावर जलरंग लावू नयेत, कागद फुगतो. ऑइल पेस्टलची चित्रे एकमेकांवर ठेवताना मध्ये बटर पेपर घालावा, कारण उन्हाळा सुरू झाला की रंग मऊ होऊन मागच्या पानाला लागतो.

पेन्सिलीची चित्रे झेरॉक्समध्ये पुसट येतात. छपाईसाठी काय काळजी घ्यावी?

झेरॉक्स यंत्राला फिकट करडी आणि निळी रेषा नीट दिसत नाही. काळ्या-पांढऱ्या छपाईसाठी चित्र काळ्या पेनने पक्के करावे आणि छटा ठिपक्यांनी किंवा रेषांनी द्याव्यात. मूळ चित्र छापायच्या आकारापेक्षा दीडपट मोठे काढावे. लहान करताना हाताची थरथर आणि किरकोळ डाग दिसेनासे होतात. पण रेषा फार बारीक असेल तर तीही नाहीशी होते, हे ध्यानात ठेवावे.

रंगीत छपाई असेल तर चित्र ३०० डीपीआयवर (एका इंचात ३०० ठिपके) स्कॅन करावे. ए-४ आकाराच्या पूर्ण पानासाठी ते साधारण २४८० बाय ३५०८ पिक्सेल होते. स्कॅनर नसल्यास दिवसा सावलीत, फ्लॅश बंद ठेवून, मोबाइल कागदाला समांतर धरून फोटो घ्यावा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवल्यास तो आकसतो, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. पानाच्या कडेपर्यंत रंग हवा असेल तर तो सर्व बाजूंनी तीन मिलिमीटर बाहेर न्यावा. कटिंगमध्ये तेवढा जातो. पडद्यावरचा झगझगीत निळा आणि पोपटी रंग छापल्यावर मंद होतो, तेव्हा एक पान आधी छापून पाहावे आणि मगच बाकीचे छापायला द्यावे.

इंटरनेटवरील किंवा एआयने तयार केलेली चित्रे वापरावीत का?

कल्पना पाहण्यासाठी इंटरनेट चाळायला हरकत नाही. चित्र उचलू नये. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रावर चित्रकाराचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो, आणि अंक विकला जात नाही म्हणून तो हक्क आपोआप संपत नाही. कार्टूनमधील प्रसिद्ध पात्रांनाही हेच लागू आहे. एआयला तुमच्या शाळेचा व्हरांडा माहीत नाही. तो कोणत्यातरी शाळेचा कोणतातरी व्हरांडा काढून देईल. वीस वर्षांनी अंक उघडणाऱ्याला आपला तिसरा खांब आणि त्यावर कोरलेली नावे पाहायची असतात.

तिरंगा किंवा राजमुद्रा काढताना काही नियम आहेत का?

आहेत. ध्वजाच्या लांबी-रुंदीचे प्रमाण ३:२ असावे आणि अशोकचक्रात २४ आरे असावेत. ध्वजाच्या चित्रावर मुलांची नावे किंवा शुभेच्छा लिहू नयेत. राष्ट्रीय प्रतीकांच्या सन्मानाविषयीच्या १९७१ च्या कायद्याने ध्वजावर मजकूर लिहिणे हा अवमान ठरवला आहे. सिंहांच्या राजमुद्रेचा वापर २००५ च्या कायद्याने मर्यादित केलेला असल्याने ती सजावटीत घेऊ नये. शाळेचे बोधचिन्ह मात्र अवश्य घ्यावे.

काम कधी सुरू करावे?

दिवाळीची सुट्टी संपताच. डमी आणि विषयवाटप नोव्हेंबरमध्ये, चित्रे डिसेंबरअखेरपर्यंत, आणि जानेवारी डीटीपी (संगणकावरील पानमांडणी) व छपाईसाठी ठेवावा. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते. जानेवारीनंतर दहावीच्या मुलांच्या हाती कुंचला देणे योग्य नाही. राहिलेली कामे नववीच्या मुलांनी करावीत.

स्वाक्षऱ्यांची पाने कोरी ठेवावीत की सजवावीत?

अगदी फिकट सजावट करावी. फळ्याची किंवा बाकाची नुसती बाह्यरेषा पुरते, कारण मुले त्यावर मनसोक्त लिहिणार आहेत. गुळगुळीत चकचकीत कागदावर जेलपेनची शाई पसरते, म्हणून ही चार पाने साध्या कागदावर छापून घ्यावीत.

छपाईनंतर मूळ चित्रांचे काय करावे?

प्रत्येक चित्राच्या मागे पेन्सिलीने नाव, इयत्ता आणि वर्ष लिहून ती चित्रकाराला परत द्यावीत. सर्वांनी मिळून काढलेली मोठी चित्रे शाळेच्या ग्रंथालयात जाड पुठ्ठ्याच्या फाईलमध्ये आडवी ठेवावीत. गुंडाळी केल्यास पोस्टर कलरला तडे जातात. पुढच्या वर्षीच्या मुलांना ती पाहायला द्यावीत आणि त्यांतली एकही रचना पुन्हा वापरायची नाही, ही एकच अट घालावी.